टिन्ना पुढे चालते

९ ऑक्टोबर

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कुत्री कुठे अडखळते ते लिहून ठेव, पुढच्या वेळी वही घेऊन ये. म्हणून लिहायला बसले. मी शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलं, तिथे फळ्यावर ‘मंगळवार: माशाचे वडे’ याच्यापुढे कधी गेले नाही. तर ही टिन्ना. काळी, छातीवर पांढरा ठिपका, रेनडियर राखणाऱ्या जातीची. आता उतारवयाकडे झुकलेली. मी सिग्नी, आणि घरात माझा नवरा आयलर्ट.

बाईंनी अंधार करून तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली. म्हणाल्या, हे आईबापांकडून येतं. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग बाजूचं जातं, मग सगळंच. दुखत नाही.

आयलर्ट डॉक्टरकडे कधी तोंड उघडत नाही. आज उघडलं. “बाजूचं जातं म्हणजे कसं?”

“नळीतून बघितल्यासारखं. समोरचं दिसतं, कडेचं नाही.”

“आणि मग किती दिवस?”

“कुत्र्यात फार नाही. वर्षभर धरा.”

“औषध?”

“नाही.”

त्यानं टोपी घेतली आणि गाडीत जाऊन बसला. परत येताना गाडी मीच चालवली. त्याची म्हणे पाठ दुखत होती. फ्योर्डच्या, म्हणजे आमच्या खाडीच्या, वळणावर म्हणाला, “वसंतापर्यंत ठेवू तिला. मग मी बघतो.”

“काय बघतोस?”

“तुला माहीत आहे.”

माहीत आहेच. आमच्या त्वेरविकमध्ये ज्याचं कुत्रं त्यानंच संपवायचं, दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, अशी रीत आहे. मी गाडी रस्त्यातच थांबवली.

“ऐक. तिला हात लावलास तर त्या दिवसापासून तू होडीच्या शेडमध्ये झोपायचं.”

“कुत्री दोघांची आहे.”

“आजपासून माझी एकटीची.”

मागून टिन्नानं मान माझ्या खांद्यावर ठेवली.

२३ ऑक्टोबर

बर्फ पडलं आणि टिकलं. टिन्ना संध्याकाळी लाकडाच्या ढिगाला धडकली, मग अंगणात उभ्या केलेल्या स्पार्कला, म्हणजे पायानं रेटायच्या बर्फगाडीला. स्पार्कच्या लोखंडी पट्ट्यांचा खणखणाट झाला, ती घाबरली आणि मग त्याच पट्ट्या चाटत बसली. दिवसा ठीक.

आयलर्टनं बर्फ काढायच्या ट्रॅक्टरचं काम सोडलं. कारण पाठ. मागच्याच आठवड्यात या पाठीनं होडीचं इंजिन एकट्यानं उचललं होतं. मला वाटतं, खरं कारण शेजारच्या राव्नाची टपालपेटी आहे. पहिल्याच फेरीत त्यानं ती आडवी केली आणि वर राव्नालाच म्हणाला, “रस्त्यात आली होती.”

राव्ना म्हणाली, “ती माझ्या लग्नाच्या आधीपासून तिथेच उभी आहे, आयलर्ट. तिला चालता येत नाही.”

एरवी तो हसला असता. राव्नाशी त्याचं लहानपणापासून असंच चालतं. काल मान खाली घालून घरात आला. एका पेटीपायी एवढं वाईट वाटून घ्यायचं म्हणजे कमाल आहे.

१३ नोव्हेंबर

आजपासून शाळा सुरू. माझ्या कमरपट्ट्याला दोरी, दोरीचं दुसरं टोक तिच्या पट्ट्याला, पायात स्की. ती पुढे, मी मागे. आधी ती धावायची आणि मी ओढली जायचे. आता मला बोलावं लागतं. डावी. उजवी. हळू. चढ. फांदी. तिला ‘डावी’ लवकर कळलं. ‘हळू’ तिला कधीच कळणार नाही, ते डोळ्यांशी संबंधित नाही, स्वभावाशी आहे.

मी भरपूर पडले. बर्च झाडांच्या वळणावर ती एका बाजूनं गेली, मी दुसऱ्या. दोरी खोडात अडकली, आणि आम्ही दोघी समोरासमोर बसलो. ती शेपटी हलवत होती.

दुकानात गल्ल्यावरचा कोलब्योर्न म्हणाला, “काय सिग्नी, तुम्हा दोघींत रस्ता कोण दाखवतं?”

“जिला तोंड बंद ठेवता येतं ती.”

रांगेतले हसले. हसू देत. अजून एक बाई म्हणाली, बिचारी. मी विचारलं, कोण?

२७ नोव्हेंबर

सूर्य गेला. आता जानेवारीपर्यंत दुपारचा थोडा निळा उजेड, बाकी काळोख.

वाटेत मी कपाळावरचा दिवा विझवून पाहिला. म्हटलं, बघू हिला कसं वाटत असेल ते. पहिल्यांदा जागीच थांबले. मग दोरीतून तिचं कळायला लागलं. चढ आला की दोरी ताणते, वळण आलं की तिरकी होते, काही वास लागला की थरथरते. मी बरीच वाट तशीच गेले. डोळे असलेल्या कुत्र्यामागून इतकी वर्षं गेले, पण तेव्हा दोरीकडे लक्ष दिलं नव्हतं.

आयलर्टला सांगायला गेले तर तो दिव्याखाली बसून होता, बापाच्या खुर्चीत. हल्ली तो दुपारनंतर घराबाहेर पडत नाही. त्याच्या बापानं, आंतोननं, याच खुर्चीत शेकोटीशेजारी कित्येक हिवाळे काढले, अगदी आंधळा होऊन. दारापासून संडासापर्यंत दोर बांधलेला असायचा. शाळेतून आल्यावर बापाला घरातल्या घरात फिरवायचं काम आयलर्टचं, आणि म्हातारा प्रत्येक पावलाला शिव्या द्यायचा. मला लग्नाआधी त्यानं हे एकदाच सांगितलं होतं.

बापाचे असे दिवस पाहिलेला माणूस मुक्या जनावराबद्दल इतका कठोर कसा होतो, मला कळत नाही.

२३ डिसेंबर

घर नाताळचं झालंय, मेंढीच्या बरगड्या भिजत घातल्यात, आणि आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही.

टिन्ना तिच्या जागेवर, जिन्याच्या कडेला झोपली होती. रोज तिथेच झोपते. आयलर्ट कॉफी घेऊन उतरला आणि सरळ तिच्यावर पाय दिला. ती किंचाळली, कप फुटला. तो ओरडला, “ही वाटेत का पडून असते?”

“ती वाटेत नाहीय, तिच्या जागेवर आहे. तुझे डोळे कुठे आहेत?”

त्याचा चेहरा असा झाला, जणू मी थोबाडीत मारलीय. कोट न घालता बाहेर गेला आणि शेडमध्ये बसून राहिला. मी काही वावगं बोलले असं मला वाटत नाही. बोलले ते बरोबरच होतं.

मुलीचा फोन आला, टूर्डिसचा, दक्षिणेतून. तीही तेच. “आई, तिला कशाला त्रास देतेस?”

“त्रास तिला नाही, तुम्हाला होतोय.”

२० जानेवारी

सूर्य आला. सगळं गाव टेकडीवर, पोरांच्या हातात गोड पाव. डोंगराच्या खाचेतून लालसर कड दिसली आणि लगेच गेली. पोरांनी ओरडून घेतलं. टिन्नाला आता दिवसाही धूसरच दिसत असणार, पण एवढ्या पोरांचा पाव खाली पडतो म्हटल्यावर तिचा दिवस चांगला गेला.

आयलर्ट आला नाही. “पुष्कळ सूर्य पाहिलेत,” म्हणाला.

परत आले तेव्हा तो पायरीवर उघड्या डोक्यानं उभा होता, तोंड दक्षिणेकडे. मान हळूहळू डावीकडे नेत होता, मग उजवीकडे, जणू काही मोजतोय.

“मान अवघडलीय का?”

“हो.”

तेल लावून देते म्हटलं तर नको म्हणाला.

१८ फेब्रुवारी

वादळानं घरात कोंडून घातलंय. खिडक्यांना बर्फ चिकटलंय. तरी मी टिन्नाला घेऊन घराभोवती चक्कर मारलीच, भिंतीला हात लावून. आत आले तर आयलर्ट म्हणाला, “हे कशासाठी करतेस?”

“तिला आवडतं म्हणून.”

“डोळे नसलेल्या जीवाचं ते काय जगणं. ते नुसतं बसून राहणं असतं.”

“ती बसून राहत नाही. मी तिला बसू देत नाही.”

“आणि तू दमशील तेव्हा?”

“मी दमत नाही.”

तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. अगदी सरळ, पापणी न हलवता. त्या बघण्याची मला भीती वाटली. वसंत आता लांब नाही. तो अंघोळीला गेला तेव्हा मी बंदुकीच्या कपाटाची किल्ली काढून पिठाच्या डब्यात पुरली. करू दे काय करायचं ते.

२२ मार्च

आज लिहायचंय ते आनंदानं.

रात्री गोठून बर्फावर कडक साय धरलीय आणि वर ऊन. असं बर्फ की हत्तीही चालला तर रुतणार नाही. टिन्नानं मला लांबतळ्यापर्यंत ओढत नेलं. मी ‘हळू’ म्हणायचं सोडून दिलं. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं, मलाही काही दिसत नव्हतं, आणि आम्ही दोघी उतारावरून सुटलो होतो. खाली पोचलो तेव्हा मी उभी होते. या वयात. तळ्यावर बसलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

तळ्यावर राव्ना होती. रेनडियरच्या कातड्यावर पालथी पडून बर्फाच्या भोकात गळ सोडून. तिनं मला कॉफी दिली, टिन्नाला माशाची डोकी.

“आयलर्ट कुठेय?”

“घरी. कंटाळलाय.”

“आयलर्ट कंटाळणारा माणूस नाही,” ती म्हणाली. “त्याचा बापसुद्धा आधी…” आणि गळाला काहीतरी लागलं म्हणून थांबली. गळ वर काढला तर रिकामा. पुढचं बोललीच नाही. तिचं हल्ली असं होतं, अर्ध्यात विसरते.

मी दोन ट्राउट धरले. परतताना टिन्ना झुडपापाशी थबकली, नाक वर, पुढचा एक पाय उचललेला. मग बर्फातून पांढऱ्या रानकोंबड्या फडफडत उठल्या. दिसली तिला एकही नाही. पण त्या तिथे आहेत हे माझ्याआधी तिलाच कळलं होतं. कोलब्योर्नला सांगायला हवं.

८ एप्रिल

आजच लिहिते. उद्या लिहिलं तर मी त्यातलं काही गाळीन.

ईस्टरच्या विक्रीसाठी चर्चच्या घरात वॉफल करायला गेले होते. दुपारी परतले. टिन्नाची जागा रिकामी. टेबलावर पिठाचा डबा, झाकण उघडं, सगळीकडे पीठ. आणि कपाटाचं दार उघडं.

कोट काढला नव्हता हे बरं. स्की चढवल्या आणि निघाले.

आकाश पांढरं होतं, जमीन पांढरी होती, मध्ये रेघ नव्हती. अशा दिवशी समोरचा खड्डाही दिसत नाही, सावलीच पडत नाही. पण वाकलं की खुणा दिसत होत्या. त्याच्या स्कीच्या दोन रेषा, बाजूला तिचे पंजे. तळ्याच्या दिशेनं. मी चालता चालता त्याला मोठ्यानं शिव्या देत होते. मला वाटत होतं आता आवाज येईल. प्रत्येक पावलाला वाटत होतं. म्हणून मी बोलत राहिले, म्हणजे आला तरी ऐकू येऊ नये.

मग खुणा वेड्यावाकड्या व्हायला लागल्या. वाटेवर रोवलेल्या काठ्या सोडून त्या उजवीकडे गेल्या, खुरट्या विलोच्या जाळीत. या वाटेनं आयलर्ट जन्मभर गेलाय. एका जागी तो पडला होता, बर्फात अंगाचा ठसा. पुढे पुन्हा पडला होता. त्याचा स्कीचा एक दांडा तसाच पडलेला. इथे मी शिव्या द्यायच्या थांबवल्या.

जाळीच्या पलीकडे खुणा बदलल्या. पंजे आता बाजूला नव्हते. पुढे होते, एका सरळ रेषेत, आणि स्कीच्या रेषा त्यांच्या मागून. गोल वळसा घेऊन वाटेकडे परत येत होत्या.

आणि मग ती दोघं त्या पांढऱ्यातून आली. आधी टिन्ना, नाक खाली, आमच्या दोघींच्या रोजच्या वाटेचा वास घेत. मागे आयलर्ट, दोरी दोन्ही हातांत घट्ट, डोळे मिटलेले. बंदूक पाठीला.

मी समोर उभी होते. चार हातांवर. त्यानं डोळे उघडले, माझ्या दिशेनं मान वळवली आणि विचारलं, “कोण आहे?”

मी म्हटलं, “कोण आहे म्हणजे?”

आणि मी त्याच्याकडे बघितलं. टिन्नाकडे इतके महिने जशी बघत होते तशी.

“कधीपासून?”

“दोन हिवाळे झाले. अंधारात. आता बाजूचंही.”

“कोणाला दाखवलंस?”

“ऑगस्टमध्ये. इंजिनाचा भाग आणायला शहरात गेलो होतो.”

“भाग आणला नव्हतास.”

“नाही.”

“बापाचंच?”

“बापाचंच.”

टिन्ना आमच्या मध्ये बसली होती. मी विचारलं, “बंदूक कशाला?”

“तिच्यासाठी आणली होती.” मग दोरी बोटांना गुंडाळत, “मग वाट चुकलो. तिला म्हटलं, जा घरी. ती जाईना. मग बसून होतो. मग कोणासाठी आणली ते ठरेना.”

हे वाक्य मी इथे लिहिलं. पुन्हा वाचणार नाही.

मी त्याच्या खांद्यावरून बंदूक काढली, गोळी काढून बर्फात फेकली. मग त्याच्या छातीवर मारलं, दोन्ही मुठींनी, हातमोज्यांसकट, जेवढं मारता येईल तेवढं. त्यानं मारू दिलं.

“मी सांभाळते आंधळ्याला. हिवाळाभर तुझ्या डोळ्यांसमोर करून दाखवलं.”

“ती कुत्री आहे, सिग्नी. तिला लाज वाटत नाही.”

“मग तूही लाजू नकोस. त्या खुर्चीत बसलास तर खुर्ची जाळीन.”

“चांगल्या लाकडाची आहे ती.”

“बरं होईल. चांगली जळेल.”

परतताना टिन्ना पुढे, मग मी, मग तो, माझ्या कमरेला बांधलेला. मी ‘डावी’ म्हटलं की दोघंही डावीकडे वळत होते.

९ एप्रिल

बंदूक राव्नाकडे नेऊन दिली. तिनं कापडात गुंडाळली. “किती दिवस ठेवू?”

“कायमची.”

“बरं.” मग केटली ठेवत म्हणाली, “टपालपेटी पाडली तेव्हाच मला कळलं. त्याच्या बापानं आमच्या दारावर असाच स्लेज घातला होता.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तू कुत्रीबद्दल इतकं बोलत होतीस की मध्ये शिरायला जागाच नव्हती.”

मला राग आला. कॉफी मात्र प्यायले.

५ जून

रात्र नाहीच आता. सूर्य फ्योर्डवरून घरंगळत फिरतो. आयलर्टला बरंच दिसतं या दिवसांत, त्यामुळे तो पुन्हा पहिल्यासारखा उर्मट झालाय. होडी रंगवली, मासे आणले, कोलब्योर्नशी भांडून आला. समाजकल्याणवाल्यांनी पांढरी काठी पाठवलीय. त्यानं ती टोमॅटोच्या रोपाला लावली.

“ती म्हाताऱ्यांसाठी असते.”

“मग तू कोण?”

“उन्हाळ्यात कोणी नाही.”

टिन्नाचं आता सगळं गेलंय. उन्हात तिचे डोळे हिरवट चमकतात. आज नदीत पोहली. मी काठावरून बोलत राहिले, ती आवाजाच्या दिशेनं येत राहिली. मी मुद्दाम काठानं पुढे सरकत गेले, तर तीही वळत आली, आणि बाहेर येऊन सगळं पाणी माझ्यावर झटकलं. फसवलं ते तिला कळलं होतं.

एक गोष्ट. काल होडीच्या शेडकडे गेले तर आयलर्ट आतमध्ये डोळ्यांना माझा लोकरी रुमाल बांधून चालत होता. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. जाळ्यात पाय अडकला, शिवी दिली, पुन्हा सुरुवात केली. मी पाय न वाजवता परत आले. रुमाल कुठे गेला म्हणून विचारणार नाही.

११ ऑगस्ट

दलदलीत मुल्ते, ती नारिंगी रानफळं, पिकलेत, आणि डास असे की श्वास घेतला तरी तोंडात. आम्ही तिघंही गेलो. टिन्ना फळं वासानं शोधते आणि झाडावरूनच खाते, म्हणजे मदत शून्य. आयलर्ट गुडघ्यांवर बसून तोडतो. म्हणाला, “एका वेळी एकच दिसतं. त्यामुळे दुसरीकडे जास्त आहेत असं वाटत नाही.” बादली माझ्याआधी त्याची भरली.

काल समाजकल्याणचा माणूस आला होता. चांगला होता बिचारा, चिखलातून चालत आला. म्हणाला, शहरात एक सोयीचं घर रिकामं होतंय. सगळीकडे धरायला दांडे, खाली दुकान, डॉक्टर शेजारी. कुत्रा ठेवता येत नाही, पण बाकी सगळं आहे.

मी तोंड उघडलं. पण आयलर्ट आधी बोलला.

“नाही जमणार. आमची कुत्री आंधळी आहे.”

“तेच म्हणतोय, कुत्रा…”

“तिला इथली वाट पाठ आहे. तिला हलवता येत नाही.”

“मी तुमच्याबद्दल विचारतोय.”

“मीही तेच सांगतोय,” आयलर्ट म्हणाला आणि त्याच्यासमोर मुल्ते आणि सायीची वाटी सरकवली. थोडी टेबलाच्या बाहेर. त्या माणसानं ती झेलली.

१९ ऑक्टोबर

वाईट आठवडा. अंधार आला आणि आयलर्ट बसला. खुर्चीत, शेकोटीशेजारी, हात मांडीवर. पहिल्या दिवशी मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं, चल फिरायला. “उद्या.” पुढेही उद्याच. टिन्ना दाराशी उभी राहायची, मग माझ्यासोबत निघायची, मग थांबून मागे ऐकायची.

आज सकाळी तो न्हाणीघरात होता तेव्हा मी खुर्ची ओढत अंगणात नेली आणि कुऱ्हाड घातली. पहिला घाव पाठीला. जुनं बर्च, लोखंडासारखं. तो आवाजानं बाहेर आला, भिंतीला धरून, अर्धी दाढी केलेली.

“काय करतेस?”

“सांगितलं होतं.”

“बापाची खुर्ची आहे ती.”

“म्हणूनच.”

मला वाटलं आता भांडण होईल. मला हवंच होतं. तो पायरीवर उभा राहून माझे घाव ऐकत राहिला. मी घाम गाळत होते आणि एक पायही नीट तुटला नव्हता. मग खाली उतरला, हात पुढे केला.

“आण इकडे. तुला लाकडाची रेघ कळत नाही.”

“बोटं जातील.”

“माझी जातील. आण.”

त्यानं हातानं चाचपून खुर्चीचा पाय ओंडक्यावर ठेवला, अंगठ्यानं रेघ शोधली, डोळे मिटले आणि घाव घातला. दोन तुकडे, सरळ. मग दुसरा. मी मागे उभी राहिले. सगळी खुर्ची त्यानं फोडली. शेवटचा तुकडा हातात धरून तो थोडा वेळ थांबला, मग तोही ढिगावर टाकला.

दुपारी आम्ही तिघं वळणापर्यंत गेलो. तो शिव्या देत होता, प्रत्येक पावलाला. देऊ दे. बापानं चार भिंतींत दिल्या, हा मोकळ्या हवेत देतोय.

२९ नोव्हेंबर

सूर्य परवा गेला. बर्फ चांगलं बसलंय.

चार वाजता जेवण, उकडलेला कॉड आणि त्याचं काळीज. मी बटाटे उतरवत होते तेव्हा आयलर्टनं टिन्नाचा पट्टा खुंटीवरून काढला. तिच्या अंगावर चढवला, बक्कल चुकलं, पुन्हा काढला, पुन्हा चढवला. मी कोटाकडे हात नेला.

“नको,” तो म्हणाला. “आम्ही दोघंच.”

“काळोख आहे.”

“आम्हाला काय त्याचं?”

“वळणाजवळ झाड पडलंय, ओढ्यावर बर्फ पातळ आहे, आणि तुला ती वाट…”

“सिग्नी. वर्षभर तू सगळ्यांना नाही म्हणालीस. आज मी म्हणतो.”

मी त्याच्या गळ्याशी लोकरी रुमाल खोचला. माझाच होता. त्यानं काही विचारलं नाही, मीही नाही.

पायरीवर त्यानं स्की चढवल्या, वाकून, बोटांनी खाचा शोधत. टिन्ना थरथरत होती, तिला निघायची घाई. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. हाक मारायची नाही, मागे जायचं नाही, खिडकीतून टकटक करायचं नाही, असं स्वतःला बजावत. इतकं अवघड काम मी या वर्षात केलं नाही, आणि हे वर्ष सोपं नव्हतं.

ती दोघं निघाली. फाटकाशी त्याचा आवाज आला, “डावी.” मग, “डावी म्हटलं, टिन्ना.” मग काहीतरी कोसळल्याचा आवाज आणि शांतता. माझा पाय उंबऱ्याबाहेर पडला होता. तेवढ्यात ऐकू आलं, तो बर्फात पडून हसत होता. मग उठल्याचा आवाज. “बरं. तुझंच खरं. उजवी.”

पाय आत घेतला.

बाहेरचा दिवा लावला. त्यांना त्याचा काही उपयोग नाही, हे मला माहीत आहे. मला होता. बर्चच्या वळणापर्यंत ती दोघं दिसली, आधी ती, मग दोरी, मग तो.

मासा गार होतोय. होऊ दे.